दगडातली उशी आणि दगडातला नुसता आकार

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात संगमरवराची एक गादी आहे. तिच्यावर पहुडलेली आकृती प्राचीन रोमन काळातली, गादी मात्र इटालियन शिल्पकार बर्निनीने १६२० च्या सुमारास कोरून तिच्याखाली घातली. टाके पडलेल्या जागी ती आत ओढली गेली आहे, टाक्यांच्या मधे फुगली आहे, अंगाच्या भाराखाली दबली आहे. बघणाऱ्याला ती बोटाने दाबून पाहावीशी वाटते. आता आधुनिक शिल्पकार ब्रांकुशीचं १९०९-१० मधलं संगमरवरी डोकं घ्या. आडवं ठेवलेलं, अंडाकृती, नाकडोळ्यांची जेमतेम खूण. एकात तपशिलांची रेलचेल, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही.

तरीही या दोन वेगळ्या विद्या नाहीत. एकरंगी दगडाकडे उजेड आणि सावली एवढंच भांडवल असतं. सावली कशी पडेल हे पृष्ठभाग कुठे आणि किती झपाट्याने वळतो त्यावर ठरतं. उशी मऊ दिसते ती फुगवट्याचं वळण साधल्यामुळे, चुण्यांची संख्या वाढवल्यामुळे नाही. अमूर्त आकार जिवंत वाटतो तोही वळणामुळेच. उशीत चुकलेलं वळण एखाद्या चुणीखाली झाकता येतं, नुसत्या आकारात झाकायला जागा नसते. म्हणून शिकताना आधी अमूर्त आकार करावा, मग वस्तू. बहुतेक जण उलट जातात आणि चुण्यांमध्ये अडकून पडतात.

दगडाला काय झेपतं

दगड दाबाला खंबीर असतो आणि ताणाला कच्चा. संगमरवर चिरडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याने तो वाकवताना मोडतो, कधी त्याहूनही कमी जोराने. त्यामुळे खांबाचा दगड शतकानुशतकं उभा राहतो आणि पुढे काढलेला सडपातळ हात मुळाशी निखळतो. मायकेलअँजेलोचा डेव्हिड (१५०१ ते १५०४) ५.१७ मीटर उंच आहे. त्याच्या उजव्या पायामागचा झाडाचा बुंधा पायांवरचा भार वाटून घेतो. एवढं करूनही डाव्या घोट्यात आणि त्या बुंध्यात बारीक तडे गेलेले आहेत.

वजनाचा अंदाज कागदावर आधी काढा. संगमरवराची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट असते, म्हणजे एक घनफूट दगड साधारण ७६ किलो भरतो. पुढे ज्या उशीबद्दल लिहिलं आहे, तिला ४० × ३० × १२ सेंमीचा ठोकळा लागतो. तो ३९ किलोच्या आसपास जाईल, म्हणजे एकट्याने उचलायची वस्तू नाही.

कठीणपणा मोहच्या १ ते १० आकड्यांच्या पट्टीवर मोजतात, आकडा मोठा तितकं खनिज कठीण. शंखजिऱ्यात मुख्यतः टाल्क असतो आणि टाल्कचा आकडा १. जिप्समच्या अलाबास्टरचा २, त्यावर नखाने ओरखडा उठतो. संगमरवर ३, त्यावर चाकू चालतो. ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७, तिथे साधा चाकू घसरतो.

शंखजिरं कानशीनेही घडतं, पण त्यात पातळ कडा टिकत नाहीत. त्याच्या काही खाणींच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सापडतात, म्हणून तपासून आलेलाच दगड घ्यावा. अलाबास्टर उजेड आत घेतो आणि फार देखणा दिसतो, मात्र त्याला दोन शत्रू आहेत. पाण्यात तो थोडाथोडा विरघळतो, म्हणून उघड्यावर ठेवता येत नाही. ग्राइंडरच्या उष्णतेने त्यातलं पाणी निघून जातं आणि त्या जागी अपारदर्शक पांढरे डाग पडतात. ग्रॅनाइटमध्ये रुंद, मोकळे आकार घ्यावेत, त्याच्याकडून कापडाची कड मागू नये. बारीक रव्याचा संगमरवर दोन्ही प्रकारांना चालतो. मोठ्या रव्याचा असेल तर पातळ कडेवरून एकेक खडा निसटत जातो.

रंग आणि नक्षी बघून दगड निवडणारे पुष्कळ असतात. वळणावर काम करायचं असेल तर ते टाळा. गडद शिरांचा दगड आकार गिळून टाकतो: डोळा शिरेच्या मागे धावतो आणि फुगवटा दिसतच नाही. शीर पातळ भागातून आडवी जात असेल तर तुटण्याची जागाही बहुतेक तीच असते. चुनखडी आणि वालुकाश्म थराथराने बनलेले असतात. त्यांच्यात पुढे आलेला भाग थरांच्या लांबीच्या दिशेने ठेवावा. थर आडवे आले की तो भाग थरावरच तुटतो.

खरेदीपूर्वी दोन चाचण्या कराव्यात. ठोकळा लाकडी पट्ट्यांवर ठेवून हातोडीने हलकेच वाजवा. निरोगी दगड खणखणतो, आत तडा असलेला बद्द आवाज देतो. मग सगळ्या बाजूंनी पाणी ओता आणि सुकू द्या. पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही जी रेघ ओली आणि काळसर राहते ती भेग. तिच्यावर खूण करा आणि ती काढून टाकायच्या भागात येईल अशी रचना फिरवा.

ढलपे काढण्याची शिस्त

दगडकामात टप्पा ओलांडला की मागे येता येत नाही. मातीत चूक भरून निघते, इथे गेलेला दगड गेलाच. म्हणून मातीचा किंवा प्लास्टरचा छोटा नमुना आधी करावा. त्याचं प्रमाण तिसरा हिस्सा ठेवलं तर कॅलिपरने (दोन टोकांमधलं अंतर मोजणाऱ्या चिमट्याने) घेतलेलं माप सरळ तिपटीने वाढवता येतं. नमुन्याची हुबेहूब प्रत काढायची असेल तर अठराव्या शतकापासून पॉइंटिंग मशीन वापरात आहे. तीन पक्क्या बिंदूंवर टेकणारा सांगाडा आणि त्यावर मागेपुढे सरकणारी सुई, असं ते असतं. सुई नमुन्याला टेकवून अडसर घट्ट करायचा, सांगाडा दगडावर लावायचा आणि सुई तिथवर पोचेपर्यंत कोरत जायचं. अमूर्त कामात त्याची गरज सहसा पडत नाही.

ठोकळा वाळू भरलेल्या पोत्यावर बसवा. वाळू त्याच्या आकाराला धरते आणि खालून पोकळी राहत नाही. अधांतरी राहिलेल्या भागावर बसलेला घाव तिथे तडा पाडतो.

मोठा भाग काढायला अँगल ग्राइंडरवर हिऱ्याची चकती लावून शेजारीशेजारी चिरा घेतात. अंतर १ ते दीड सेंमी, खोली २ ते ३ सेंमी. मधे उभ्या राहिलेल्या पट्ट्या छिन्नीने तोडल्या की एक थर उतरतो. दोन चुका इथे हमखास होतात. पहिली म्हणजे चिरेत असताना चकती वाकडी करणं. ती अडकते आणि यंत्र हातातून उसळतं. दुसरी म्हणजे चीर थेट अंतिम रेषेपर्यंत नेणं. पट्टी तुटताना मुळाशी खड्डा पडतो, म्हणून शेवटचा निदान ५ मिमी दगड छिन्नीसाठी राखावा.

मग टोकदार छिन्नी. संगमरवरावर ती पृष्ठभागाशी ४५ अंशांच्या आसपास धरतात. हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलो, घाव समान आणि लयीत, आणि रेघा शेजारीशेजारी ओढत जायचं. कोन फार उतरता झाला तर छिन्नी वरच्या वर घसरते. कोन उभा झाला तर दगड उडत नाही, जागच्या जागी ठेचला जातो. ही ठेच फसवी असते. धुळीत ती दिसत नाही, पॉलिश चढू लागलं की पांढरा ठिपका होऊन वर येते आणि कितीही घासलं तरी कित्येक मिलिमीटर खाली जात राहते. म्हणून अंतिम पृष्ठभागापासून एक सेंमीवर आलं की टोकदार छिन्नी आणि दाणेदार तोंडाचा हातोडा दोन्ही ठेवून द्यायचे. ग्रॅनाइटचा नियम याच्या उलट आहे. तो कापला जात नाही, चूर होतो, म्हणून कार्बाइडचं टोक असलेली छिन्नी जवळजवळ काटकोनात धरतात आणि काम फार हळू सरकतं.

घावाची दिशा कायम दगडाच्या गाभ्याकडे. कडेकडून आत मारा, आतून कडेकडे नको. बाहेरच्या दिशेने मारलेला घाव जाताजाता कडेचा टवका घेऊन जातो. कड उद्ध्वस्त होण्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

टोकदार छिन्नीने पडलेल्या खाचा दातेरी छिन्नी सपाट करते. हा टप्पा निवांत करावा, कारण आकार खरा इथे ठरतो. दातांच्या समांतर रेघा वळणाच्या दिशेने ओढल्या की पृष्ठभाग कुठे फुगतो, कुठे खोल जातो ते त्या रेघाच दाखवतात. वळण चुकलं असेल तर इथे दुरुस्त होतं. सपाट छिन्नी आणि कानस चूक गुळगुळीत करतात, सुधारत नाहीत. दातेरी छिन्नीनंतर अंगावर ३ मिमी दगड शिल्लक असला पाहिजे.

अमूर्त आकार

पहिल्या कामाला लंबगोल घ्या. तो सोपा वाटतो, प्रत्यक्षात हात तपासणारा आहे.

चौकोनी ठोकळ्यातून गोलाई थेट काढायला गेलात तर एक बाजू हमखास जास्त खाल्ली जाते. आधी अष्टकोन करा. चौरसाच्या बाजूचा ०.२९ भाग प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे मोजून खूण करायची. बाजू २० सेंमी असेल तर कोपऱ्यापासून ५.९ सेंमी. या खुणा जोडून चार कोपरे काढले की आठ बाजू सारख्या येतात. मग प्रत्येक कंगोरा मोडून सोळा बाजू, आणि त्यानंतरच गोल. टोकांकडे निमुळतं करताना याच बाजू लांबीच्या दिशेने उतरवत न्यायच्या. पुठ्ठ्यात अर्ध्या बाह्यरेषेचा साचा कापून ठेवा आणि प्रत्येक बाजूवर टेकवून बघत राहा. साचा आणि दगड यांच्यामधून उजेड आला की तिथे खळगा आहे.

साच्यावर बरोबर बसलेला आकारही निर्जीव वाटू शकतो. त्याचं कारण बहुधा वळणाचा वेग सगळीकडे सारखा असणं हे असतं. चेंडूचं वळण कुठेच बदलत नाही, म्हणून नजर त्यावर थांबत नाही. लंबगोलाचा सर्वांत जाड भाग बरोबर मध्यावर न ठेवता थोडा एका टोकाकडे सरकवला, तर एक टोक भरदार आणि दुसरं निमुळतं होतं, आणि आकाराला दिशा मिळते. किती सरकवायचा ते नमुन्यावर ठरवा.

तपासायला खोली अंधारी करून एकच दिवा तिरपा धरा. समोरच्या उजेडात न दिसणारे उंचवटे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. दगड १० ते १५ अंशांनी फिरवत प्रत्येक वेळी फक्त बाह्यरेषा बघा. मग डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्याला न सापडलेला सपाट पट्टा हाताला सापडतो. शेवटी दगड ओला करून खिडकीचं प्रतिबिंब त्यावरून सरकवा. प्रतिबिंब जिथे तुटतं किंवा उडी मारतं तिथे वळण तुटलेलं आहे. ही चाचणी सर्वांत कठोर आहे आणि ती पॉलिशच्या आधी करायची असते.

आरपार छिद्र हा अमूर्त शिल्पाचा मोठा विषय. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थने १९३१-३२ मध्ये गुलाबी अलाबास्टरच्या शिल्पाला असं छिद्र पाडलं. ते शिल्प दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. तिचाच समकालीन हेन्री मूर, त्याची १९३८ ची पहुडलेली आकृती हॉर्नटन या इंग्लंडमधल्या दगडाची आहे आणि तिच्या धडातूनच मोठी पोकळी आरपार जाते. छिद्रामुळे दगड कमकुवत होईलच असं नाही. वरची बाजू कमानीसारखी वळत असेल तर भार दोन्हीकडे दाबाच्या रूपाने उतरतो आणि दाब दगडाला झेपतो. आतल्या बाजूला टोकदार कोपरा मात्र ठेवू नये. ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथून सुरू होतो.

छिद्र दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवायचं. एकाच बाजूने आरपार गेलात तर बाहेर पडताना पलीकडचा मोठा टवका उडतो. समोरासमोरचे मध्यबिंदू मोजून घ्या आणि नरसाळ्यासारखं, बाहेर रुंद आत अरुंद करत आत शिरा. दोन पोकळ्या एकमेकींना मिळायच्या वेळी मधला पडदा पातळ झालेला असतो. तेव्हा हातोडा बाजूला ठेवून ड्रिल आणि कानस वापरावी. हातभर लांबीच्या कामात छिद्राभोवतीची भिंत ३ सेंमीच्या खाली नेऊ नये. बाहेरचा आकार पूर्ण करून मग छिद्र पाडणं हीदेखील चूक आहे. छिद्र निम्मं झालं की बाहेरचं वळण त्याच्याशी बोलू लागतं आणि बदलावं लागतं. दोन्हीकडचं काम बरोबरीने पुढे न्यायचं.

वस्तू: कापडाची आणि धातूची

उशीच घेऊ. भरलेल्या उशीच्या चार बाजू सरळ नसतात. कापूस भरला की मधला भाग फुगतो, कापड आत ओढलं जातं आणि कोपरे बाहेर उरतात. ठोकळ्यावर वरून बाह्यरेषा काढताना लांब बाजू मध्यावर २ ते ३ सेंमी आत घ्या. सरळ आयताने सुरुवात केली तर पुढे काहीही केलं तरी उशी होत नाही.

चारी बाजूंनी ६ सेंमी उंचीवर शिवणीची रेघ काढा. वरचा आणि खालचा फुगवटा या रेघेत येऊन मिळतो, त्यामुळे ती शेवटपर्यंत पुसली जाता कामा नये. फुगवटा शिवणीजवळ झटकन चढतो आणि मध्याकडे जाताना सपाट होत जातो. कडेपासून कडेपर्यंत एकसारखी कमान केली की तो गोटा दिसतो. डोक्याचा खळगा ठेवायचा असेल तर आत्ताच ठरवा, कारण २-३ सेंमी खळगा पडला की दबलेला कापूस भोवती वर आलेला दिसला पाहिजे. तेवढा दगड तिथे राखून ठेवावा लागतो.

खालची बाजू पूर्ण टेकवू नये. मधला भाग जमिनीला टेकतो, कोपऱ्यांखाली दीड-दोन सेंमीची फट. त्या फटीत पडलेली सावली ३० किलोची वस्तू हलकी करते. खालून काम करताना वरचा भाग घोंगडीवर किंवा पोत्यावर नीट टेकलेला हवा.

चुण्या सर्वांत शेवटी, पण त्यांच्यासाठी ५-६ मिमी दगड आधीपासून राखलेला. गुळगुळीत केलेल्या उशीवर नंतर रेघा खोदल्या तर त्या ओरखडेच दिसतात. कापडात चुणी ताणाच्या जागेपासून निघते, म्हणजे कोपरा किंवा शिवण. तिथे ती खोल आणि टोकदार असते, पुढे रुंद होत ८-१० सेंमीत विरून जाते. तिची एक बाजू उभी, दुसरी उतरती. दोन्ही बाजू सारख्या केल्या की नाली तयार होते. शेजारच्या दोन चुण्या सारख्या लांबीच्या किंवा समांतर नकोत. उंचवटा सपाट छिन्नीने, खोलगट भाग गोल तोंडाच्या छिन्नीने आणि शेवटचा हात वाकड्या टोकाच्या बारीक कानशीने.

संगमरवरात उजेड थोडा आत शिरतो आणि पसरून बाहेर येतो. त्वचेसाठी हा गुण अप्रतिम आहे, पण त्यामुळे बारीक सावल्या फिक्या पडतात. म्हणून शिवण, चुणीचा तळ आणि टाके खऱ्या कापडातल्यापेक्षा थोडे जास्त खोल घ्यावे लागतात.

लोंबती चादर किंवा पडदा करताना कोणीही खरोखर पातळ पत्रा कोरत नाही. दिसणारी कड ३-४ मिमी ठेवायची आणि तिच्यामागे ४५ अंशांत आत कापत जायचं. दोन सेंमी आत गेल्यावर जाडी अडीच सेंमीच्या आसपास पोचलेली असते, पण तो भाग सावलीत असतो आणि डोळा कडेवरून अख्खं कापड पातळ मानतो. नेपल्समधल्या सान्सेव्हेरो चॅपलमध्ये जुझेप्पे सानमार्तिनोचा १७५३ मधला झिरझिरीत वस्त्राखालचा ख्रिस्त आहे. ते वस्त्र रासायनिक क्रियेने दगड केलेलं खरं कापड असल्याची दंतकथा लोक अजून सांगतात. प्रत्यक्षात शरीर आणि वस्त्र एकाच शिळेतले आहेत, मधे पोकळी नाही. कापड अंगाला चिकटतं तिथे अंगाचाच उंचवटा कोरलेला आहे आणि बारीक चुण्या त्या उंचवट्यावरून न तुटता पलीकडे जातात. चुणी खंडित होत नाही म्हणून तिच्याखाली काहीतरी वेगळं आहे असं डोळा ठरवतो.

कारखान्यात बनलेल्या वस्तूंचं गणित निराळं. चिनी कलाकार आय वेवेने २०१० मध्ये पाळत ठेवणारा कॅमेरा संगमरवरात केला. अशा कामात चुण्यांचा आधार नसतो, प्रत्येक कड सरळ आणि प्रत्येक गोल खरा गोल लागतो. गुण्या, पट्टी आणि कंपास सतत हाताशी ठेवा. कड अगदी धारदार ठेवायचा मोह होतो, पण तशी कड पॉलिश करतानाच टवके टाकते. ती अर्धा ते एक मिमी मोडून घ्या. त्या बारीक पट्टीवर उजेडाची रेघ चमकते आणि कड उलट अधिक तीक्ष्ण दिसते.

दगडाचा दोषही वस्तूत जिरवता येतो. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातला जेडाइटचा (जेडच्या एका प्रकाराचा) कोबी १८.७ सेंमी उंच आहे. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा आणि भेगा असलेला तो तुकडा. पांढऱ्याचे देठ झाले, हिरव्याची पानं, आणि भेगा पानांच्या शिरांत मिसळून गेल्या. जेड छिन्नीला दाद देत नाही. ते कठीण पूड आणि पाणी वापरून घासत घासतच घडवतात.

एकाच दगडातली साखळी हा तर मोजमापाचा उत्तम धडा. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात अशा साखळ्या लोंबताना दिसतात. ५ × ५ सेंमी छेदाची दांडी घ्या, कडीची जाडी दीड सेंमी धरा. चारी कोपऱ्यांतून पावणेदोन सेंमीचे चौकोन लांबीभर काढले की अधिकच्या चिन्हाचा छेद उरतो. उभ्या पात्यात एक कडी, आडव्या पात्यात पुढची, अशा आळीपाळीने आखायच्या. कडी बाहेरून ९ सेंमी, आतली मोकळी जागा ६ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद. शेजारच्या दोन कड्यांची टोकं त्या जागेत मिळून ३ सेंमी खातात. उरलेले ३ सेंमी असे: दोन्ही टोकांना अर्धा अर्धा, मधे दोन. त्या अर्ध्या सेंमीच्या फटीत बारीक ड्रिल आणि कानशीशिवाय काही शिरत नाही. कड्या लगेच सुट्या करू नका. प्रत्येक ठिकाणी एक बारीक पूल ठेवून सगळ्यांना आकार द्या, घासून घ्या आणि मग शेवटी एका टोकापासून पूल कापत जा. सुटी झालेली कडी हातात धरून तासणं फार अवघड, आणि ती शेजारणीवर आपटून दोघी फुटतात.

घासणं आणि थांबणं

घासकागदाचा क्रमांक जितका मोठा तितके त्याचे कण बारीक. घासण्याचा क्रम ८०, १२०, २२०, ४००, ६००, ८००, १२०० असा. पाण्यात चालणारा सिलिकॉन कार्बाइडचा कागद घ्या आणि प्रत्येक क्रमांकाची दिशा आधीच्या आडवी ठेवा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. क्रमांक बदलताना दगड, हात, बादली सगळं धुवा. ८० क्रमांकाचा एक खडा ६०० च्या कागदाखाली आला की पुन्हा मागे जावं लागतं. सर्वाधिक वेळ पहिल्या दोन क्रमांकांना द्या. ४०० वर दिसलेला ओरखडा ४०० ने जात नाही. फुगीर भागावर कागदामागे कडक रबराचा ठोकळा हवा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीचे खळगे पडतात आणि चकाकी आल्यावर पृष्ठभाग लाटालाटांचा दिसतो. संगमरवराला शेवटची झळाळी टिन ऑक्साइडची पूड ओल्या फेल्टवर घोटून येते. शंखजिऱ्याला आणि अलाबास्टरला मेण पुरतं.

सगळ्याच कामांना आरशासारखं पॉलिश नको. चकचकीत उशी कापड वाटत नाही. ती २२० किंवा ४०० वर थांबवा. धातूची वस्तू मात्र शेवटपर्यंत न्या. लोकरीसाठी दातेरी छिन्नीच्या खुणा तशाच ठेवल्या तर छान दिसतात. एकाच शिल्पात चकाकी आणि खरखर शेजारी ठेवली की दगड एकच असूनही डोळ्याला दोन वस्तू दिसतात.

तुटलेला तुकडा एपॉक्सीने चिकटतो, पण सांध्याची रेघ पॉलिशखालून दिसत राहते. उशीत ती शिवणीत किंवा चुणीच्या तळाशी नेता येते. अमूर्त कामात चिकटवण्यापेक्षा सगळा पृष्ठभाग त्या खड्ड्याच्या खोलीपर्यंत उतरवून वळण नव्याने बांधणं बरं. शिल्प थोडं लहान होतं, बाकी काही बिघडत नाही.

धुळीबद्दल गाफील राहू नका. वालुकाश्म आणि ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांनी होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कापताना पाण्याची धार ठेवा, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क लावा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा आणि कामाचे कपडे घरात नेऊ नका. बाजूंनी बंद असलेला चष्मा, कानांत बोळे आणि पाणी वापरताना वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हेही हवंच.

शिल्प बैठकीवर उभं करायचं तर आत गज लागतो. तो स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा. साधं लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काही वर्षांनी दगड आतून फुटतो. शिल्प वाळूवर टेकवून कुठे तोलतं ते शोधा, गुरुत्वमध्याच्या बरोबर खाली खूण करा आणि ड्रिलचा ठोके देणारा भाग बंद करून भोक पाडा. १२ मिमीच्या गजाला १४ मिमीचं भोक. आतली धूळ पाण्याने काढून पूर्ण सुकू द्या, नाहीतर एपॉक्सी दगडाला न धरता धुळीला धरते. गज बसवल्यावर ओळंबा लावून दोन बाजूंनी सरळपणा बघा, आणि एपॉक्सी पूर्ण घट्ट होईपर्यंत, निदान २४ तास, शिल्पाला लाकडी पाचरींचा आधार राहू द्या.